बाळंतिणीची खोली

"आत जायचं नाही," कमल तांबवेकर म्हणाली आणि आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. "आत बाळंतीण आहे."

होनमाने चटकन मागं सरले. त्यांच्या बायकोनं तर डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जशी काही गाभाऱ्यापाशी आली आहे. फटीतून ओव्याची आणि शेपांची धुरी येत होती. आत पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या.

"खोली केवढी म्हणायची?" होनमान्यांनी मला दबक्या आवाजात विचारलं.

"बाहेरच्या एवढीच. चार बोटं मोठी असेल."

"तुम्ही बघितलीय का?"

"चौदा वर्षांपूर्वी. यांना हे घर भाड्यानं मीच मिळवून दिलं."

"मग चौदा वर्षांत भिंत हाय का पडली, ते कसं कळायचं?"

"भिंत आहे," कमल म्हणाली. "भिंतीला खिडकी पण आहे. पण उघडता यायची नाही, माझ्या पोरीला वारा लागतो. चहा टाकू का वहिनी?"

वहिनींनी मान हलवली. बाळंतिणीच्या घरचा चहा घ्यायचा तर बाळाच्या हातावर काहीतरी ठेवायला लागतं, आणि त्या घर बघायला आल्या होत्या, बाळ बघायला नाही. मागच्या परसात दोरीवर लंगोट ओळीनं वाळत होते. सीताफळाचं झाड, पाण्याची टाकी, मोरी, सगळं कमलनं हौसेनं दाखवलं. मुलीकडचे लोक लहान मुलगी पुढं करतात आणि थोरली आत ठेवतात, तसं.

गल्लीत आल्यावर होनमाने म्हणाले, "घर नामी आहे बाई. पर अर्धं दाखवलंय तर अर्धेच पैसे मिळतील. आणि मला रिकामं पायजे. माणसं भरलेलं घर मी घेत नाही. कोंबड्यांची शेड घेतानाबी मी रिकामीच घेतो."

होनमान्यांची मलकापूरच्या बाजूला पोल्ट्री होती. पोरं कराडात शाळेला घालायची म्हणून त्यांना शहरात घर हवं होतं. रोख पैसे असलेला माणूस. अशा माणसाला कोंबड्यांचा वास येत नाही.

ही शहाण्णव सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हा मी दोन कामं करायची: सोयरिकी जमवणं आणि घरं जमवणं. दोन्हींत फारसा फरक नाही. गिऱ्हाइकाला आधी दर्शनी बाजू दाखवायची. खोड विचारली तर सांगायची, नाही विचारली तर चहा मागवायचा. फरक एवढाच की सोयरिकीत दलाली म्हणून लुगडं मिळतं आणि घरात रोख. कमलच्या वैजयंताची सोयरीक मीच जमवली. मुलगा लष्करात, आसामात. मागं सासू नाही, सासरा नाही, नणंद नाही. अशी स्थळं मी राखून ठेवत असे. कमलनं पैठणी कबूल केली होती, हातावर ठेवलं इरकल. मी ते नेसले. विसरले मात्र नाही.

घर आक्का जगदाळ्यांचं. यजमान गेल्यावर त्या भावाकडं राहायला गेल्या होत्या, आणि पुण्याच्या मुलानं फ्लॅट नोंदवून त्यांच्यामागं धोशा लावला होता की कराडचं घर काढा आणि पैसे द्या. तांबवेकर कायद्यानं बसून राहिले असते तर आक्कांची हयात कोर्टात गेली असती. पण तांबवेकर साखर कारखान्यातले कारकून, भिडस्त माणूस. आक्कांनी चहा पाजला आणि त्यांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं, पाडव्याला घर सोडतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा कमलनं दोन दिवस त्यांना जेवायला वाढलं, पण बोलली नाही.

तिला ते घर विकत हवं होतं. चौदा वर्षं तिनं ते स्वतःच्या हातानं सावरलेलं. ओटा तिनं घातला, मोरीला फरशी तिनं लावली, सीताफळ तिनं लावलं. तांबवेकर एप्रिलअखेर निवृत्त व्हायचे होते आणि फंडाचे पैसे जूनअखेर हातात येतील असं ऑफिसनं सांगितलं होतं. आक्का म्हणाल्या होत्या, "तीन लाख, रोख, आधी जो आणेल त्याचं घर. तू आणलेस तर तुझं." म्हणजे कमलला फक्त एवढंच करायचं होतं: जून संपेपर्यंत घर दुसऱ्या कुणाला विकू द्यायचं नाही.

आणि मला एवढंच, की जून संपायच्या आत विकायचं. घरमालक आणि भाडेकरू आपसात व्यवहार करतात तेव्हा दलालाला कुणी पानसुपारीलाही बोलावत नाही.

कमलनं डाव टाकला तो फाल्गुनात, वैजूच्या डोहाळजेवणात. पहिलं बाळंतपण, पोर माहेरी आलेली. आक्कांना मानानं बोलावलं, फुलांच्या झोपाळ्यापाशी बसवलं. विधवेला ओटी भरू देत नाहीत, पण कमलनं मान म्हणून नारळ त्यांच्याच हातात दिला. आक्का ओटी भरायला उठल्या, आजूबाजूला सात-आठ सवाष्णी. कमल त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "आक्का, माझी वैजू बाळ घेऊन आपल्या पायानं या घराबाहेर पडेपर्यंत आम्हाला हलवू नका. एवढा शब्द पोरीच्या ओटीत घाला." हातात नारळ घेऊन नाही कसं म्हणायचं? आक्कांनी शब्द घातला. मी खिरापतीचं ताट मांडीवर घेऊन बघत होते. मनात म्हटलं, कमल, बाई, तू माझ्या धंद्यात हवी होतीस.

आक्का जगात कुणाला भीत नव्हत्या, फक्त बाळंतिणीच्या तळतळाटाला भ्यायच्या. मुलगा पुण्याहून फोनवर ओरडायचा, त्या म्हणायच्या, "ओरड. शब्द दिलाय."

चैत्रात वैजूला मिरजेला नेली, अवघड आहे म्हणून. दहा दिवसांनी दिवेलागणीला जीपमधून परत आणली. कमलच्या हातात दुपट्याचं गाठोडं होतं. तिनं गल्लीला सांगितलं, मुलगा झाला, पण मूळ नक्षत्रावर. भटजींकडून शांत होईपर्यंत कुणी तोंड बघायचं नाही. मुळाचं ते बापापुरतं असतं. कमलनं ते गावापुरतं केलं.

त्यानंतर मी पाच गिऱ्हाइकं नेली. पाचही त्या दारापर्यंत जाऊन परत आली.

"पोर रडत नाही गं तुझं," मी एकदा म्हटलं.

"गुणी आहे."

"रडत नाही असं पोर आणि गळत नाही असं कौलारू घर मी अजून पाहिलेलं नाही."

"मग बघून घ्या," कमल हसून म्हणाली. "दोन्ही इथंच आहेत."

होनमाने गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच मागच्या दारानं परसात शिरले. दोरीवरचा एक लंगोट काढला, उन्हाकडं धरून बघितला. मग दुसरा. कमल मोरीशी भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं तशीच उभी राहिली.

"काय बघताय?"

"डाग बघतेय. तान्ह्या पोराचा पिवळा डाग कशानंही जात नाही. तुझे लंगोट दुकानातून आणल्यासारखे आहेत."

"रिठ्यानं धुते मी."

"मीही रिठ्यानंच धुवायची." मी लंगोट नीट घडी करून तिच्या खांद्यावर ठेवला. "पेठेतला फुलवाला सांगत होता, कमलताई मोगरा सुटा घेतात. गजरा नाही, माळ नाही. मूठमूठ सुटा. मला वाटलं देवाला असेल. मग आठवलं, तुझ्या देवाला तू तगर वाहतेस."

कमलनं लंगोट खांद्यावरून काढला आणि पुन्हा दोरीवर टाकला.

"दूध आटायला छातीवर मोगरा बांधतात, कमल. मलाही एकदा बांधला होता. आटलं का तिचं?"

तिनं आधी आतल्या दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत पाणी येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. गिऱ्हाईक भावावर आल्यावर जसं तोंड करतं तसं तिनं केलं.

"आटलं," ती म्हणाली. "कुणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"पाचवी पुजायच्या आदल्या दिवशी गेलं. तिथंच मिरजेत सगळं उरकलं. काय करायचं होतं मी? आक्का म्हणाल्या असत्या, झालं, सुटले मी शब्दातून. पोर गेलं ते गेलं, घरही घालवायचं?" तिनं आवाज खाली आणला. "बाई, महिन्याचा प्रश्न आहे. फंड आला की पैसे आक्कांच्या पुढ्यात ठेवते. मग सांगेन लोकांना, ताप आला आणि गेलं. लहान पोरं जातात."

"आणि वैजू?"

"वैजूचं काय? खातेय, झोपतेय. डिंकाचे लाडू केलेत तिला."

"मला काय?"

"तुम्हाला?"

"होनमान्यांचा व्यवहार झाला तर मला दोन्हीकडून मिळून बारा हजार सुटतात. तुझ्याकडून इरकल."

तिनं राखेच्या हातानंच मनगटातली पाटली पुढं सरकवली. एकच होती, दुसरी लग्नात वैजूला घातलेली. मी पाटलीचं वजन डोळ्यांनी केलं. जुनी, आत लाख भरलेली. बारा हजारांच्या जवळपास जात नव्हती.

"ठेव ती," मी म्हटलं. "मेलेल्याचं नाव मी आक्कांकडं काढणार नाही. शब्द देते."

"शपथ?"

"शपथ."

ती शपथ मी अक्षरशः पाळली. त्याच आठवड्यात आक्कांकडं गेले, त्यांनी पन्हं केलं होतं ते प्याले, त्यांच्या मुलाची चौकशी केली. तो आता फोनवर ओरडतही नाही म्हणाल्या. बिल्डरचा हप्ता थकला की नोंदणी रद्द होणार म्हणून तो गप्प झालाय.

"आक्का, बाळ बघून आलात का हो?" मी विचारलं.

"शांत व्हायचीय ना म्हणे."

"मुळावरच्या पोराचं तोंड बापानं बघायचं नसतं. तुम्ही काय त्याचा बाप?"

आक्कांना हसू आलं. "गुळवणीबाई, तुमची जीभ!"

"माझी परवडली. गल्लीची जीभ बघा. घरमालकिणीनं बाळाच्या हातावर अजून काही ठेवलं नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"आता नावं कुणाकुणाची घेऊ?"

आक्कांचं तोंड पडलं. माणसाला कंजूष म्हटलेलं चालतं, कंजूष म्हणतात असं सांगितलेलं चालत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सराफाकडून चांदीचे वाळे आणले. झबलं-टोपडं आणलं, वैजूला खण-नारळ घेतला. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ, होनमानेवहिनींनाही घेऊ. बिचाऱ्या परवा मोकळ्या हातानं परत गेल्या, त्यांना फार लागलंय. वहिनींना काही लागलं नव्हतं. पण निरोप धाडल्यावर त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, बरोबर होनमानेही आले. घर विकत घेणारा माणूस त्या घरात कुठल्याही निमित्तानं जायला तयार असतो.

तांबवेकर बाहेर ओट्यावर बसले होते. निवृत्त झाल्यापासून ते तिथंच असायचे. आक्कांच्या हातातलं ताट त्यांनी बघितलं, त्यातले वाळे बघितले, आणि उठून चपला घालून चालू लागले. त्या दिवशी ते परत आले ते आम्ही गेल्यानंतर.

कमल दारात आली. तिनं आधी ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वर कौलांकडं बघत होते.

"आक्का! अहो, कळवायचं तरी."

"बाळ बघायला कळवून यायचं असतं होय? सर, येऊ दे आत."

"झोपलंय हो आत्ताच."

"झोपू दे की. झोपलेल्याच्या पायात वाळे घालते. आपण काय नाचवणार आहोत त्याला?"

"शांत व्हायचीय अजून. भटजी म्हणाले—"

"मी काय त्याचा बाप?" आक्का म्हणाल्या आणि खुशीत हसल्या. होनमानेवहिनीही हसल्या. तोवर आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत शिरलो होतो. कमल मागं मागं सरत आतल्या दारापर्यंत गेली आणि पाठ लावून उभी राहिली, नेहमीसारखी.

"आक्का, उद्या या. उद्या मी स्वतः बाळ घेऊन तुमच्याकडं येते."

"अगं, मग माझा शब्द! ते घराबाहेर पडलं तर तुलाच अडचण," आक्का म्हणाल्या. त्यांनी हे प्रेमानं म्हटलं होतं.

आत पाळण्याची कुरकुर चालू होती. ती थांबली. मग दारावर आतून थाप पडली.

"आई, दार काढ."

कमल हलली नाही.

"आई, दार काढ. मी ऐकतेय सगळं."

"कमल," आक्का म्हणाल्या, "बाजूला हो बघू." त्यांनी तिला खांद्याला धरून सरकवलं. दाराची कडी बाहेरून घातलेली होती. आक्का कडीकडं बघत राहिल्या. "बाळंतिणीला बाहेरून कडी? अगं, तिला मोरीला जायचं झालं तर?"

आक्कांनी स्वतः कडी काढली.

वैजू बाहेर आली. डोक्याला आणि कानांना फडकं बांधलेलं, अंगावर जुनं लुगडं. मी सोयरीक जमवली तेव्हा ही पोर अंगानं चांगली भरलेली होती, तेवढं एक मी मुलाकडच्यांना आवर्जून सांगितलं होतं. आता सांगता आलं नसतं. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं होतं, वर टोपडं.

"ये माझ्या राजा," आक्का म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी मांडी केली. वैजूनं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. आक्कांनी वहिनींना काजळाची डबी मागितली, बोटाला काजळ लावलं, आणि तीट लावायला टोपडं वर सारलं.

टोपड्यात लुगड्याची घडी होती. नीट, घट्ट, सुतळीनं बांधलेली.

आक्कांचं काजळाचं बोट तसंच वर राहिलं. मग त्यांनी ते गाठोडं मांडीवरून ढकललं, जसं काही त्यानं अंगावर घाण केली आहे. होनमानेवहिनी भिंतीला टेकल्या.

"पाचवीच्या आदल्या दिवशी गेला," वैजू म्हणाली. "मिरजेलाच. मुलगा होता."

"तोंड फाटलं तुझं!" कमल ओरडली. "वीस-पंचवीस दिवस राहिले होते गं! वीस-पंचवीस दिवस कळ काढवली नाही तुला?"

"काढली की कळ," वैजू म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. ती बोलत होती आक्कांशी, पण बघत होती आईकडं. "कुणी घर बघायला आलं की रिकामा पाळणा हलवायचा. बाहेर आवाज जायला पाहिजे. मी नाही हलवला तर आई रात्री जेवायला वाढायची नाही. दूध यायचं तेव्हा सुद्धा हलवला. आणि त्यांना तिकडं पत्र घातलंय हिनं, मुलगा झाला म्हणून. मुळावर आहे, शांत होईपर्यंत येऊ नका. त्यांनी शांतीला मनिऑर्डर पाठवली. सही माझी घेतली."

"घरासाठीच केलं ना!" कमल म्हणाली. "कुणासाठी? तुझ्यासाठीच राहिलं असतं ना घर! पोरं काय, पुन्हा होतील."

होनमानेवहिनींनी पेढ्यांचा पुडा हळूच पिशवीत परत ठेवला. ते मी बघितलं.

आक्का उठल्या. वाळे त्यांनी ताटातून उचलून कनवटीला लावले. डोकं त्यांचं जागेवर होतं. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, माझ्या शब्दाचं काय हो? पोरीचा तळतळाट मला नको."

"शब्द बाळंतिणीला दिला होता, आक्का," मी म्हटलं. "इथं बाळंतीण कुठाय?"

त्यांनी थोडा विचार केला. मग सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला.

होनमाने आतल्या खोलीच्या दारातून डोकावून बघत होते. भिंत होती, खिडकीही होती. त्यांनी पावलांनी खोली मोजली, खिडकीची झडप उघडून बघितली, पाळणा आढ्याच्या कोणत्या वाशाला टांगलाय ते बघितलं. बाहेर येऊन घसा साफ केला.

"आक्कासाहेब, खोली चांगली हाय. पर आता एवढं सगळं ऐकल्यावर मंडळी कचरत्यात. असल्या घराला तीन लाख कोण देणार?"

"तीनच ठरले होते," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. तीन चांगल्या घराचे. ह्याचे पावणेतीन."

कमल तिथंच उभी होती. तिच्यासमोर तो भाव ठरला. एकदा तिनं तोंड उघडलं, "आक्का, मी तीन देते, पूर्ण तीन," आणि आक्का तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "हातात आहेत का आत्ता?" नव्हते. पावणेतीनवर आक्कांनी मान डोलावली. त्या पंचवीस हजारांत दोन्हीकडची मिळून माझी हजाराची दलाली बुडाली. ते मला अजून लागतं.

स्टँप पेपर होताच. पंधरा दिवसांत घर रिकामं झालं. कमल त्या पंधरा दिवसांत कुणाशी भांडली नाही. मोरीची फरशी तेवढी उकलून न्यायचा तिनं प्रयत्न केला. निम्म्या फरश्या फुटल्या, त्या तिनं फुटलेल्याच पोत्यात भरल्या. सीताफळाच्या बुंध्यात गरम पाणी ओतताना होनमान्यांच्या माणसानं तिला धरलं. मी म्हटलं, जाऊ द्या, झाड जगेल. फंड आला की नवं घर घ्यायला ती माझ्याकडंच येणार होती. कराडात दुसरं कोण होतं?

टेंपो आला त्या सकाळी मी किल्ल्या घ्यायला गेले. सामान भरून झालं होतं. तांबवेकर पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले होते, मांडीवर देवांची पेटी घेऊन. कमल मागं गाद्यांवर चढली आणि वैजूला हात दिला.

"चल. चढ."

वैजू ओट्यावर उभी होती. डोक्याचं फडकं सोडलेलं, केस धुतलेले.

"मी नाही येत."

"नाही येत म्हणजे? कुठं जाणार?"

"कुठं नाही. इथंच राहणार. होनमानेवहिनींनी आतली खोली दिलीय. त्यांची पोरं शाळेला येणार, त्यांचं जेवणखाण मी बघायचं. त्यांनाही आसामला पत्र लिहिलंय मी, सगळं खरं. त्यांचं उत्तर येईल ते याच पत्त्यावर येईल."

कमल टेंपोत उभी राहिली. एका हातानं वरचा दोर धरलेला. खालून मला तिचं पूर्ण तोंड दिसत नव्हतं. बराच वेळ ती घराकडं बघत होती. वैजूकडं नाही, घराकडं.

"कुणी ठरवून दिलं?" तिनं विचारलं.

वैजूनं माझ्याकडं बोट केलं नाही, पण बघितलं. मी किल्ल्या पिशवीत टाकल्या. त्या व्यवहारात मला एका महिन्याचं भाडं मिळालं होतं, म्हणजे नियमाप्रमाणेच.

"आणि भाडं?" कमल म्हणाली. "भाडं घेणार आहेत का फुकट?"

"घेणार आहेत."

"किती?"

"दोनशे."

"एका खोलीचे?" कमल म्हणाली. "आम्ही सगळ्या घराचे दीडशे देत होतो."

मग तिनं पदर खोचला, गाद्यांवर बसली, आणि टेंपोच्या पत्र्यावर दोनदा हात मारून ड्रायव्हरला म्हणाली, "चल रे. ऊन व्हायच्या आत पोचायचंय."